हातकागदावरचे हस्तलिखित : एका शिक्षिकेने केलेले कागदाचे परीक्षण

नववीच्या वर्गाच्या वार्षिक हस्तलिखितासाठी आम्ही या वर्षी नेहमीच्या कार्डशीटऐवजी पुण्याच्या हातकागद संस्थेतला सुती हातकागद वापरला. हस्तलिखित लिहून, शिवून, बांधून शाळेच्या ग्रंथालयात दाखल झाले आहे आणि आता इतर शाळांमधले सहकारी कागदाची चौकशी करू लागले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. निष्कर्ष आधीच सांगते. मुलांचे जे लिखाण वीस-तीस वर्षांनी कोणीतरी पुन्हा उघडून वाचावे असे आपल्याला मनापासून वाटते, त्यासाठी याहून चांगला कागद माझ्या पाहण्यात नाही. मात्र त्यातला नेमका कोणता घ्यावा, कोणत्या शाईने लिहावे आणि बांधणीवाल्याला आधी काय बजावावे, हे माहीत करून घेतल्याशिवाय त्यावर पैसे खर्च करू नयेत.

हस्तलिखित काढण्याची आपल्या शाळांमधली परंपरा जुनी आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहिलेले दैनिक चालवत असत. आजही कित्येक शाळांमध्ये २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, वर्गावर्गांच्या हस्तलिखितांचे प्रकाशन होते, पाहुणे दोन पाने चाळून कौतुक करतात आणि मग तो अंक कपाटात जातो. कपाटातले जुने अंक बाहेर काढले की त्यांची अवस्था लगेच लक्षात येते. पाने पिवळी पडलेली असतात, घडीच्या जागी तुकडे पडतात, निळी शाई फिकट होऊन करडी झालेली असते आणि चिकटपट्टी लावलेल्या जागी तेलकट तपकिरी डाग उमटलेला असतो. लिहिणाऱ्या मुलांनी त्या वेळी जीव ओतलेला असतो, पण हाताशी जो कागद होता तो इतका काळ टिकण्यासाठी बनवलेलाच नव्हता.

त्याचे कारण कागदाच्या घडणीत आहे. स्वस्त कागदात लाकडाचा लगदा मोठ्या प्रमाणात असतो आणि त्या लगद्यात लिग्निन नावाचा घटक राहून गेलेला असतो. हवा आणि उजेड लागला की तो पिवळा पडतो. शिवाय शाई पसरू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी यांचे जे संस्कार पूर्वीपासून केले जात, त्यांतून कागदात आम्लता येते आणि तीच पुढे तंतू ठिसूळ करते. सुती हातकागदात हा प्रश्न मुळातच कमी असतो, कारण कापूस हा जवळजवळ शुद्ध सेल्युलोज असतो आणि त्याचे तंतू लांब, चिवट असतात. शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर असलेली हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे. ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले आहे, त्या जोशींनीच ग्रामोद्योगाच्या चळवळीच्या काळात ती उभी केली. कपड्यांच्या कारखान्यांतून उरलेल्या सुती चिंध्या निवडून, बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करायचा, तो जाळीच्या चौकटीवर उचलायचा, कापडावर उलटवायचा, दाबाखाली पाणी काढायचे आणि पत्रे, म्हणजे कागदाचे पूर्ण ताव, वाळवून त्यांना खळ देऊन गुळगुळीत करायचे, असा हा क्रम आहे. लाकडासाठी एकही झाड तोडावे लागत नाही, ही गोष्ट मुलांना विशेष आवडली.

आपल्या भागाला हे तंत्र काही नवे नाही. जुन्नरचा कागद एके काळी नावाजलेला होता आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याने तर गावाचे नावच या धंद्यावरून घेतले. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराची मोडी कागदपत्रे रुमालांत बांधून ठेवलेली आहेत. दोन-अडीचशे वर्षे उलटली तरी त्यांतली असंख्य पत्रे स्वच्छ वाचता येतात, कारण खाली हाताने केलेला, घोटलेला कागद आहे आणि वर काजळाची शाई. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले, "बाई, म्हणजे आमचं पण दोनशे वर्षं टिकेल?" त्या प्रश्नानंतर वर्गात हस्तलिखिताकडे पाहण्याची नजर बदलली, हे मी प्रत्यक्ष पाहिले.

आता लिहिण्याच्या अनुभवाकडे येते, कारण कागद कितीही टिकाऊ असला तरी त्यावर देवनागरी नीट उमटली नाही तर तो आमच्या कामाचा नाही. हातकागद दोन प्रकारचा मिळतो. खळ न दिलेला कागद टीपकागदासारखा शाई पितो, म्हणून तो चित्रकामाच्या काही प्रकारांना किंवा सजावटीला चालतो, लिखाणाला अजिबात चालत नाही. लिखाणासाठी खळ दिलेला आणि दाबून गुळगुळीत केलेला कागद मागून घ्यावा लागतो, आणि नमुन्याच्या तुकड्यावर आपल्या पेनाने लिहून पाहिल्याशिवाय पूर्ण पत्रे घेऊ नयेत. लिहून पाहताना रेघोट्या मारून उपयोग नाही. थ, ध, भ, क्ष, ज्ञ ही अक्षरे लिहावीत, एखादा रफार द्यावा, दोन-तीन अनुस्वार द्यावेत आणि मग भिंगातून पाहावे. शाई किंचितही फुटत असेल तर थ आणि ध यांच्या गाठी बुजतात, अनुस्वाराचा थेंब शिरोरेषेला जाऊन चिकटतो आणि सुंदर अक्षरसुद्धा गबाळे दिसू लागते. आम्ही घेतलेल्या, चौरस मीटरला सुमारे १५० ग्रॅम वजनाच्या कागदावर गाठी मोकळ्या राहिल्या, आणि तिथेच माझे मन वळले.

कागदाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात, हेही लक्षात ठेवावे. एका बाजूला कापडाची बारीक वीण उमटलेली असते आणि दुसरी बाजू अधिक सपाट असते. तिरप्या उजेडात धरले की फरक दिसतो. आम्ही दोन्ही बाजूंना लिहिले आणि दोन्हीकडे लिहिता आले, पण ज्या मुलांचा हात अजून जड आहे त्यांना सपाट बाजू दिली. पेनांपैकी काळ्या रंगद्रव्याच्या शाईचे जेल पेन सर्वांत निर्धास्त ठरले. शाईच्या पेनाने लिहायचे असेल तर शाळेत रोज वापरली जाणारी, धुतली जाणारी निळी शाई टाळावी. ती पाण्याच्या एका थेंबाने वाहते आणि उजेडात फिकट होते. बॉलपेन चालते, पण ते कागदावर खोल वळ उठवते आणि जाड दाबाने लिहिणाऱ्या मुलांचे अक्षर मागच्या बाजूला हाताला लागते. कटनिबने शीर्षके लिहिणाऱ्या दोन मुलींना मात्र हा कागद इतका आवडला की उरलेले तुकडे त्यांनी मागून नेले.

ओळींचा प्रश्न सर्वांत अवघड होता. नेहमीच्या पातळ कागदाखाली रेघांचा कागद ठेवून लिहिण्याची मुलांना सवय असते. हा कागद इतका भरीव आहे की खालचे काहीच दिसत नाही. पेन्सिलीने रेघा मारून नंतर खोडल्या तर खोडरबराने पृष्ठभागाला लव येते आणि त्या जागी पुढे धूळ बसते. इथे आम्हाला जुन्या पोथ्या लिहिणाऱ्यांची युक्ती कामाला आली. ते लोक एका पाटीवर सारख्या अंतराने दोरे ताणून बसवत, त्यावर कागद ठेवून बोटाने किंवा गुळगुळीत वस्तूने घासत, म्हणजे कागदावर ओळींचे हलके वळ उठत आणि रेघ न मारता ओळ मिळे. आम्ही जाड पुठ्ठ्यावर एकेका सेंटिमीटरवर शिवणाचा दोरा ताणून अशी पाटी केली आणि कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासला. वळ अगदी पुसट उठतात, खिडकीशी तिरपे बसल्यावरच दिसतात, पण लिहिणाऱ्याला तेवढे पुरते आणि पान बांधून झाल्यावर ते दिसेनासे होतात. ज्या शाळांना हा कागद वापरायचा आहे त्यांनी ही पाटी आधी करून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

या कागदाचा जो गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो दुकानात पाहून कळत नाही. त्यावर खोडता येत नाही. पांढऱ्या द्रवाने झाकलेली चूक त्यावर डोळ्यांत भरते आणि ब्लेडने खरवडले तर तंतू उठतात. पहिल्याच दिवशी मुलांनी विचारले, "बाई, चुकलं तर?" चुकले तर ते पान बाजूला ठेवून नवे घ्यावे लागेल आणि पाने मोजकीच आहेत, एवढेच मी सांगितले. परिणाम असा झाला की वहीतला कच्चा खर्डा या वेळी खरोखर खर्डा झाला. एरवी पहिल्या खर्ड्यालाच मुले पक्की प्रत समजतात, आपण लाल शाईने खुणा करतो आणि ती निमूटपणे शुद्धलेखन दुरुस्त करून तेच वाक्य पुन्हा उतरवून काढतात. या वेळी मुले एकमेकांना वाचून दाखवू लागली, वाक्ये तोडू लागली, नको ती विशेषणे काढू लागली, कारण पक्क्या कागदावर एकदाच लिहायचे होते.

त्यातला एक लेख असा आहे की तो माझ्या हातून शिकलेल्या मुलीने लिहिला, याचा मला फार अभिमान वाटतो. विषय तिने स्वतः निवडला होता, 'आजीचे जाते'. पहिल्या खर्ड्यात माझी आजी खूप प्रेमळ आहे, ती पहाटे उठते, ती मला गोष्टी सांगते, अशी निबंधाच्या मार्गदर्शकात शोभणारी वाक्ये होती. मी तिला एवढेच विचारले की आजी जात्यावर बसते तेव्हा तिचा डावा हात काय करतो. तिला सांगता आले नाही. दिवाळीच्या सुट्टीत ती मुळशीकडच्या गावी गेली आणि आजीला ओव्या सांगायला बसवले, तर आजीला नुसत्या बसून त्या आठवेनात. मग कोपऱ्यातले जाते पुसून मांडले, खुंटा ठोकला, मूठभर नाचणी काढली आणि दगड फिरू लागल्यावर ओव्या एकामागून एक येऊ लागल्या. एका हाताने खुंटा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे दळायचे मूठमूठ धान्य, घालायची, हात थकला की बदलायचा, आणि ओवीचा शेवटचा चरण लांबवायचा तो दम घेण्यासाठी, हे सगळे तिने पाहून लिहिले. ओव्या सांगता सांगता आजी माहेरच्या भावाचे नाव घेऊन मध्येच थांबली आणि पुढचे दळण मुकाट्याने झाले, एवढे एकच वाक्य तिने त्या प्रसंगावर लिहिले आणि पुढे स्पष्टीकरण दिले नाही. नववीतल्या मुलीला कुठे थांबावे हे कळले, याचे मला अजून नवल वाटते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत, हे मी तिला लेख पूर्ण झाल्यावर सांगितले. आधी सांगितले असते तर तिने त्या ओव्या पाहिल्या असत्या आणि आजीकडे कदाचित इतके निरखून पाहिले नसते.

तो लेख तिने हातकागदाच्या चार पानांवर काळ्या शाईने उतरवला. मधल्या पानावर तंतूंची एक छोटी गाठ होती, तिथे पेन अडले असते, म्हणून तिने तेवढी जागा सोडून ओळ पुढे नेली. यंत्राच्या एकसारख्या कागदावर असे काही करावे लागत नाही, हे खरे आहे. परंतु आता ते पान उघडले की लिहिणारीचा हात कुठे थबकला तेही दिसते, आणि मला ते पान संगणकावर टंकलेल्या कोणत्याही सुबक पानापेक्षा प्रिय आहे.

पानांच्या आकाराचा विचार खरेदीपूर्वीच करावा. हातकागदाचा पूर्ण पत्रा बहुधा २२ बाय ३० इंचांचा, म्हणजे सुमारे ५६ बाय ७६ सेंटिमीटर असतो. त्यातून ए-फोर आकाराची पाने एकाच दिशेने कापायला गेले तर जेमतेम चार निघतात आणि सुमारे चाळीस टक्के कागद वाया जातो. त्याऐवजी पत्र्याचे आठ समान भाग केले तर १९ बाय २८ सेंटिमीटरचे पान मिळते, एक कणही वाया जात नाही आणि तो आकार हातात धरून वाचायलाही सुखाचा आहे. पत्र्याचे चार भाग करून प्रत्येक भाग मधोमध दुमडला आणि चारही एकात एक ठेवले की सोळा पृष्ठांचा एक जुज तयार होतो. चाळीस मुलांच्या वर्गाला प्रत्येकी दोन पृष्ठे दिली तर पाच पत्रे पुरतात. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि संपादकीय यांसाठी सहावा घ्यावा आणि चुकलेल्या पानांसाठी आणखी दोन-तीन हाताशी ठेवावेत. पत्र्याचे भाग करताना कात्री किंवा कटर वापरू नये. घडी घालून तिच्यावर ओला ब्रश फिरवावा, मिनिटभर थांबावे आणि पट्टीच्या आधाराने कागद हळूच ओढून वेगळा करावा, म्हणजे आतल्या कडाही बाहेरच्या कडांसारख्याच मऊ, तंतुमय निघतात.

याच कडांसाठी बांधणीवाल्याला आधी सांगून ठेवावे लागते. कोणताही बाइंडर सवयीने शिवण झाल्यावर तिन्ही बाजू यंत्रात घालून सरळ कापतो, कारण त्याच्या दृष्टीने त्या खडबडीत कडा म्हणजे अपुरे काम असते. "कटाई करायची नाही" हे वाक्य कागदावर लिहून गठ्ठ्याला लावावे. बांधणी जुजबंदीच, म्हणजे जुज दोऱ्याने शिवून केलेली, मागावी. पाठीला नुसता गोंद लावून चिकटवलेल्या बांधणीत इतका जाड कागद टिकत नाही आणि अंक पूर्ण उघडतही नाही. खळीने चिकटवायचे असेल तर त्यात मोरचूद घातले आहे का हे विचारावे, कारण नुसती पिठाची खळ किडीला आमंत्रण देते. आमचा अंक शिवणीमुळे टेबलावर सपाट उघडा राहतो आणि चार मुले एकाच वेळी त्यावर वाकून वाचू शकतात.

उणिवाही सांगायला हव्यात, आणि त्या कोणत्याही हातकागदाला लागू आहेत. किंमत साध्या कार्डशीटपेक्षा बरीच जास्त पडते, म्हणून संपूर्ण शाळेच्या सगळ्या उपक्रमांसाठी हा कागद परवडणार नाही. प्रत्येक पत्र्याची जाडी थोडी वेगळी असते, रंगाची छटाही एका खेपेची दुसऱ्या खेपेला तंतोतंत जुळेलच असे नाही, म्हणून लागणारा सगळा कागद एकदमच घ्यावा. पावसाळ्यात तो हवेतला ओलावा ओढतो आणि कडा लाटेसारख्या वळतात; लिहिण्याचे काम हिवाळ्यात केलेले बरे. छपाईयंत्रातून तो नेहमी सुरळीत जात नाही, त्यामुळे छायाचित्रे छापून चिकटवायची असतील तर वेगळी तजवीज करावी लागते. आणि बाजारात 'हँडमेड' म्हणून विकला जाणारा प्रत्येक कागद हाताने केलेला नसतो. एका दुकानात मला फुलांच्या पाकळ्या घातलेला देखणा कागद त्या नावाने दाखवण्यात आला, पण तो एका दिशेने सरळ फाटत होता आणि आडवा फाटताना वेडावाकडा जात होता, म्हणजे तो यंत्रावर काढलेला होता. हाताने उचललेल्या पत्र्यात तंतू सगळ्या दिशांना पसरलेले असतात, त्यामुळे तो दोन्हीकडे सारखाच फाटतो आणि पूर्ण पत्र्याच्या चारही कडा तंतुमय असतात. पाकळ्या घातलेला कागद खरा असला तरी लिखाणासाठी घेऊ नये. पाकळीवर पेन घसरते आणि तिचा रंग पुढे कागदात उतरतो.

अंक तयार झाल्यावर त्याला प्लास्टिकचे लॅमिनेशन करण्याचा मोह अनेक शाळांना होतो. तो टाळावा. प्लास्टिक आणि त्याखालचा चिकट थर कागदाआधीच खराब होतो आणि मग दोन्ही वेगळे करता येत नाहीत. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये. धुतलेल्या, रंग न दिलेल्या सुती कापडात अंक गुंडाळून, वेखंडाचे दोन तुकडे जवळ ठेवून कोरड्या कपाटात आडवा ठेवला की पुरे. कपाटात ठेवण्यापूर्वी किमान ३०० डीपीआयवर प्रत्येक पान स्कॅन करून घ्यावे आणि त्या प्रती मुलांच्या घरी पोहोचवाव्यात, म्हणजे मूळ अंक वारंवार हाताळावा लागत नाही. 'आजीचे जाते' लिहिणाऱ्या मुलीने तिची पाने छापून गावी आजीकडे पाठवली. आजीला वाचता येत नाही, म्हणून शेजारच्या घरातल्या सुनेने ती वाचून दाखवली, आणि दोन ओव्यांचे चरण उलटसुलट झाल्याचे आजीने कळवले. मूळ अंकात खोडता येत नसल्याने आम्ही शेवटच्या कोऱ्या पानावर शुद्धिपत्र जोडले आणि त्यावर दुरुस्ती सुचवणारीचे म्हणून आजीचे नाव लिहिले.

एका वर्गाचे एक हस्तलिखित, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांना मुलांनी लिहिलेला पत्रसंग्रह, शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांच्या आठवणी, अशा मोजक्या आणि जपून ठेवायच्या कामांसाठी मी या कागदाची निःशंकपणे शिफारस करते. भित्तिपत्रके, प्रकल्पवह्या आणि स्पर्धेचे तक्ते यांसाठी साधा कागद पुरेसा आहे. पुढच्या २७ फेब्रुवारीला ज्यांना असा अंक काढायचा असेल त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधी नमुने आणून पेने तपासावीत, सुट्टीत मुलांकडून खर्डे करून घ्यावेत आणि पक्क्या प्रतीसाठी पूर्ण जानेवारी मोकळा ठेवावा. जुजबंदी करणारे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि त्यांच्याकडे फेब्रुवारीत प्रबंधांची गर्दी असते, तेव्हा त्यांची वेळ आधीच मागून ठेवावी.